ठाऊक नसलेल्याला सांगताना

लहान मूल गोष्ट सांगू लागलं की एक हमखास घडतं. ऐकणारा तिथे हजर होताच, असं धरून ते बोलतं. त्यानं ते ओढलं, मग ती रडली, मग आम्ही पळालो. कोणी, काय, कुठं, यातलं काही कळत नाही. सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मात्र सगळं लख्ख असतं. आपल्याला दिसतंय ते समोरच्याला दिसत नाही, हे त्या पाच-सहा वर्षांच्या जिवाला अजून पुरतं उमगलेलं नसतं.

घरी यामुळे काही अडत नाही. 'तो' म्हणजे कोण, हे आईला ठाऊक असतं. आजीला तर पुढे काय झालं तेही ठाऊक असतं. अर्धं वाक्य मूल बोलतं, उरलेलं अर्धं घर भरून घेतं. म्हणून घरात भरभर बोलणारं मूल शाळेत आल्यावर चाचपडतं. मग आपण म्हणतो, याला बोलता येत नाही. बोलता येतं. अनोळखी माणसाला सांगता येत नाही, एवढंच. तशी वेळच त्याच्यावर आजवर आलेली नसते.

शाळेत ती वेळ रोज येते. निरनिराळ्या वाड्यावस्त्यांवरून आलेली मुलं एका सतरंजीवर बसतात. एकाचा गोठा दुसऱ्यानं पाहिलेला नसतो. एकीची आत्या दुसरीला ठाऊक नसते. हे ठाऊक नसणं फार मोलाचं आहे, असं मला वाटतं. सांगण्याची गरज तिथूनच सुरू होते.

वाचन-लेखनाच्या आधी मुलांचं बोलणं फुलायला हवं, हे आता सरकारी कागदांतही आलं आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानात मौखिक भाषेला मानाची जागा आहे. चांगलं झालं. पण कागदावरची जागा वर्गात कशी दिसते, ते वर्गात बसल्यावरच कळतं.

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी पहिलीच्या वर्गात बसले होते. सोमवार होता. परिपाठ उरकला होता. बाईंनी मुलांना गोल बसवलं आणि विचारलं, "काल सुट्टी होती. कोणाला काही सांगायचंय?"

एक मुलगी उठली. फ्रॉकचा काठ बोटाला गुंडाळत, पुन्हा सोडत, वर न बघता बोलू लागली. "काल आमची शेळी हरवली. मंग बाबा गेला. मंग तो म्हनला, नाय दिसली. मंग आम्ही गेलो तर ती तितंच व्हती. मंग लई मज्जा आली." आणि ती खाली बसली.

बाई 'शाब्बास' म्हणून पुढच्या मुलाकडे वळू शकल्या असत्या. बहुतेक वेळा तसंच होतं, आणि त्यात कोणाचा दोष नसतो. वर्ग मोठा, वेळ थोडा. पण बाई काहीच बोलल्या नाहीत. तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांना खरंच काही कळलं नव्हतं आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मागून एका मुलानं विचारलं, "कोन म्हनला?"

"शेजारचा आजोबा."

"तितं म्हंजी कुटं?"

"हिरीपाशी. बाभळीखाली."

"मेली व्हती का?"

मुलगी ताडकन उठली. "मेली कशाला? तिला दोन करडं झाली व्हती!"

वर्गात एकच कल्ला झाला. रंग कोणता? एक काळं, एक काळं-पांढरं. उभी राहिली का? एक राहिलं. दुसऱ्याला बाबानं उचलून आणलं, आणि शेळी घरापर्यंत मागनं वरडत आली. आता तिचा हात फ्रॉकवर नव्हता. करडू केवढं होतं ते दोन्ही हातांनी दाखवण्यात ती गुंतली होती.

गोष्टीतलं सगळ्यात मोठं जे होतं, तेच तिनं गाळलं होतं. तिच्या मनात ते इतकं भरून राहिलं होतं, की ते वेगळं सांगावं लागेल हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर बाईंनी तिला दुसरीच्या वर्गात नेलं. तिथे तिनं तीच गोष्ट पुन्हा सांगितली. सुरुवात अशी केली : "आमची शेळी गाभण व्हती."

मी ते वाक्य वहीत टिपून घेतलं. सकाळपासून दुपारपर्यंत तिला कोणी काही शिकवलं नव्हतं. आधी पात्रांची ओळख करून द्यावी, असं बजावलं नव्हतं. ऐकणाऱ्याला अगोदर काय कळायला हवं, ते तिचं तिनं शोधलं होतं. शेळी हरवली, ही एक बातमी. गाभण शेळी हरवली म्हटलं की ऐकणाऱ्याच्या पोटात लगेच काळजी उतरते. करडं आता शेवटी येणार, पण त्यांची चाहूल पहिल्याच वाक्यात लागलेली. लिहिणाऱ्यांना हे कसब पुष्कळ पानं लिहिल्यावर साधतं. तिला ते 'मेली व्हती का?' या एका प्रश्नानं मिळवून दिलं.

त्या मुलाचा प्रश्न मला अजून आठवतो. त्याचं उत्तर त्याला खरोखर ठाऊक नव्हतं. वर्गात असे प्रश्न कमी असतात. फळा कोणत्या रंगाचा आहे? गायीला पाय किती? कावळ्यानं माठात काय टाकलं? विचारणाऱ्याला उत्तर माहीत असतं, आणि विचारणाऱ्याला ते माहीत आहे हे मुलांनाही माहीत असतं. असे प्रश्न लागतात, नाही असं नाही. पण त्यांतून गोष्ट निघत नाही. ज्याला उत्तर ठाऊक आहे त्याला मूल उत्तर देतं. ज्याला ठाऊक नाही त्याला ते गोष्ट सांगतं.

आपल्याकडच्या सांगणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून कळलेलं आहे. आजी गोष्ट सांगताना हुंकार मागायची. हुंकार थांबला की गोष्टही थांबायची. मूल झोपलं असं समजायचं. गोंधळात तर विचारणाऱ्याची जागा ठरलेलीच आहे. मुख्य गोंधळी आख्यान लावतो, आणि संबळ-तुणतुण्याच्या साथीतला एक जण त्याला मधेच अडवतो. कोण आला? कशाला आला? मग राजा काय म्हणाला? खरं तर त्या साथीदाराला सगळं आख्यान तोंडपाठ असतं. तरी तो विचारतो. समोर रात्रभर जागणाऱ्या माणसांच्या मनात जे आलेलं असतं, ते त्यांच्या वतीनं तो बोलून टाकतो. सांगणाऱ्याला त्यामुळे कळतं की आपण कुठे घाई केली, कुठे लोक मागे राहिले.

मला वाटतं, पहिलीच्या बाईंची जागा ही आहे. त्या साथीदाराची.

मुलांनी गोष्टी सांगाव्यात तर आधी त्यांनी त्या भरपूर ऐकलेल्या असाव्या लागतात, हे उघड आहे. भावनगरला १९२० साली बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका वकिली सोडून मुलांकडे आले होते. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातला शिक्षक दंगेखोर वर्गात शिरतो आणि पाठ न शिकवता गोष्ट सांगू लागतो. छडी नाही, दरडावणं नाही. गोष्ट ऐकायला वर्ग आपसूक शांत होतो. कान भरल्याशिवाय तोंड उघडत नाही. पण कान भरून झाल्यावरही पुष्कळ वर्गांत सांगणारे गुरुजीच राहतात. मुलांची पाळी येतच नाही.

ती पाळी वर्गाच्या मधोमध आणून ठेवणारी एक शिक्षिका अमेरिकेत होऊन गेली. व्हिव्हियन गसिन पेली तिचं नाव. शिकागो विद्यापीठाच्या लॅबोरेटरी स्कूलमध्ये तिनं कितीतरी वर्षं बालवर्ग शिकवला. वर्गात ती टेपरेकॉर्डर ठेवायची आणि मुलं काय बोलली ते नंतर निवांत ऐकायची. १९८१ साली आलेल्या 'वॉलीज स्टोरीज' या पुस्तकात तिनं एका प्रसंगाबद्दल लिहिलं आहे. एका मुलाचा दिवस वाईट गेला होता. दंगा केला म्हणून त्याला बाजूच्या खुर्चीवर बसावं लागलं होतं. पेलीनं त्याला म्हटलं, तू गोष्ट सांग, मी लिहून घेते. त्यानं सांगितलं ते थोडकंच होतं. एका डायनोसॉरनं शहर मोडून टाकलं, लोक चिडले, त्यांनी त्याला तुरुंगात टाकलं.

इथे पेलीनं विचारलं, तो सुटला का?

तिला ठाऊक नव्हतं. मुलालाही तोवर ठाऊक नसावं. विचारल्यावर त्यानं पुढचं सांगितलं : आता शहाण्यासारखं वागेन असं डायनोसॉरनं कबूल केलं, मग त्याला घरी सोडलं, आणि घरी त्याची आई वाट बघत होती. त्या दिवशी ज्याला बाजूला बसवलं होतं, त्या मुलाची ही गोष्ट. तिच्यातून काय शिकलास, असं कोणी विचारलं असतं तर आई दारात आलीच नसती.

पुढचं पाऊल तिनं उचललं ते मला आणखी महत्त्वाचं वाटतं. लिहून घेतलेली गोष्ट वर्गानं लगेच करून पाहिली. नेपथ्य नाही, तालीम नाही. मुलं गोलात बसतात, मधली मोकळी जागा हाच रंगमंच. बाई गोष्ट वाचतात, मुलं ती करतात. आपण काय व्हायचं ते गोष्ट सांगणारा ठरवतो. लिहून घेतलेली गोष्ट डोळ्यांसमोर घडताना दिसली, आणि मग इतर मुलांनाही आपापल्या गोष्टी सांगायच्या होत्या. पेलीनं ही रीत आयुष्यभर चालवली. २०१९ साली ती गेली. तिची पद्धत अनेक देशांतल्या बालवर्गांत अजून चालू आहे.

करून पाहण्यामागे एक कारण आहे. सोंग घेतलेल्या मुलाला नक्की काय करायचं ते कळावं लागतं. शेळीची गोष्ट वर्गानं दुसऱ्या दिवशी केली तेव्हा मी होते. एक मुलगा शेळी होऊन दप्तरांच्या ढिगाआड बसला. बाबा झालेला मुलगा हाका मारत फिरू लागला. शेळीनं डोकं वर काढून विचारलं, "मी वरडू का गप बसू?"

सांगणारी मुलगी विचारात पडली. तिनं याचा विचार केलाच नव्हता. थोड्या वेळानं म्हणाली, "गप. तिला करडं व्हत व्हती."

म्हणजे बाबाच्या हाकांना शेळीनं ओ का दिली नाही, हे गोष्टीला त्या क्षणी सापडलं. तोवर तिच्या गोष्टीत एकामागून एक घडत होतं. आता एकामुळे दुसरं घडू लागलं. मुलांच्या सांगण्यातली ही फार मोठी उडी असते. ती कोणाला शिकवून येत नाही. दप्तरांआडून कोणीतरी डोकं वर काढावं लागतं.

बाईंनी ती गोष्ट फळ्यावर लिहिली तेव्हा 'व्हती' असंच लिहिलं. मला जरा नवल वाटलं आणि मग बरं वाटलं. मुलगी एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत होती. अक्षरं तिला अजून सगळी येत नव्हती, पण वाक्य तिचंच होतं, त्यामुळे ते तिला वाचता येत होतं. तिथे 'होती' लिहिलं असतं तर ती अडखळली असती. वाक्य तिच्या हातून निसटून बाईंचं झालं असतं. प्रमाण भाषा यायला हवी. पुस्तकांतून, ऐकण्यातून ती येते, आणि मुलं ती उचलतातही चटकन. पण मूल गोष्ट सांगत असताना मधेच शब्द सुधारला, तर मूल शब्द सुधारतं आणि गोष्ट सोडून देतं. हे मी इतक्या वर्गांत पाहिलं आहे की याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही.

भाषेसारखीच जागाही मुलाची असावी लागते. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या. पुढे कोसबाडला अनुताई वाघांबरोबर त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. मुलं शाळेकडे येत नाहीत तर शाळेनं मुलांकडे जावं, म्हणून अंगणवाडी निघाली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. त्या कामाच्या पुष्कळ बाजू आहेत. मला त्यातली एक नेहमी मोलाची वाटते. आपल्या अंगणात बसलेलं मूल घाबरत नाही. जागा त्याची, झाड त्याचं, कोंबड्या त्याच्या; तिथे अनोळखी असतात त्या बाई. सांगण्यासारखं त्याच्याकडे असतं आणि विचारण्यासारखं बाईंकडे.

वर्गात तसं अंगण तयार करायचं तर एका सवयीला थोडं थांबवावं लागेल. तात्पर्याच्या. आपल्याकडे वरच्या इयत्तांत कथालेखनाचा प्रश्न असतो. मुद्दे दिलेले असतात, त्यांवरून गोष्ट लिहायची, शीर्षक द्यायचं, तात्पर्य लिहायचं. त्याची तयारी नकळत खालपासून सुरू होते. मग चौथीपर्यंत मुलांच्या गोष्टींत तहानलेला कावळा, ससा आणि कासव, लाकूडतोड्या एवढेच उरतात, आणि हरवलेली शेळी कुठेच भेटत नाही. त्या जुन्या गोष्टी सुंदरच आहेत. मी त्यांच्यावरच वाढले. पण त्यांचं तात्पर्य आधीच ठरलेलं असतं, आणि मुलाच्या गोष्टीचं अजून कोणालाच ठाऊक नसतं. पहिली-दुसरीची दोन वर्षं तरी त्याला तात्पर्याशिवाय सांगू द्यावं. बोध ज्याचा त्याला सापडेल.

काही मुलं सांगतच नाहीत. त्यांची काळजी वाटते. पेलीच्या १९९० च्या एका पुस्तकात असा एक मुलगा आहे. तो कोणाच्या खेळात यायचा नाही. आपल्या हेलिकॉप्टरचं पातं मोडलंय, एवढंच बोलायचा. तिनं त्याला ओढून आत आणलं नाही. हळूहळू इतर मुलांच्या गोष्टींत त्याच्या हेलिकॉप्टरसाठी जागा होऊ लागली, आणि तो त्या जागेतून आत आला. आमच्या या वर्गातही तसं होताना दिसतं. 'मेली व्हती का' असं विचारणाऱ्या मुलानं स्वतःची गोष्ट कित्येक दिवस सांगितली नाही. तो विचारायचा फक्त. बाईंनी त्याला कधी उभं केलं नाही. विचारणं हेही गोष्टीत असणंच आहे, असं त्या म्हणाल्या, आणि मला ते पटलं.

वेळ कुठून आणायचा, हे प्रत्येक शिक्षक विचारतो, आणि त्यांचं बरोबर आहे. तीस मुलांच्या गोष्टी एका दिवशी ऐकता येत नाहीत. या बाई रोज दोनच मुलांच्या घेतात. तीन आठवड्यांत सगळ्यांची पाळी येऊन जाते. एक वही गोष्टींची. मूल सांगतं, बाई त्याच्याच शब्दांत लिहितात, एका पानाच्या पुढे नाही. ज्याची गोष्ट, त्याचं चित्र त्याच पानावर.

दिवाळीनंतर मात्र एक अडचण उभी राहिली. मुलांना एकमेकांचं सगळं ठाऊक झालं. कोणाची आत्या कुठे असते, कोणाच्या गोठ्यात काय आहे, हे वर्गाला पाठ झालं, आणि गोष्टी पुन्हा आखूड होऊ लागल्या. 'तो' म्हटलं की सगळ्यांना कळायचं. वर्गाचं घर झालं होतं. ही आनंदाचीच बाब, पण सांगण्यासाठी आता नवी, काही ठाऊक नसलेली माणसं हवी होती. बाईंनी ती शाळेतच शोधली. अंगणवाडीची मुलं, दुसरी-तिसरीचे वर्ग, पोस्टमन आला तर पोस्टमन. आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशी, ज्या पलीकडच्या गावाहून येतात.

मी शेवटची गेले तेव्हा एक मुलगा स्वयंपाकखोलीच्या दारात उभा राहून मावशींना आपल्या मळ्यात बोअर मारल्याची गोष्ट सांगत होता. रात्रभर मशीन चाललं, सगळीकडे पांढरी धूळ उडाली, आजी दळण झाकायला धावली, आणि पहाटे पाणी लागलं. मावशी मोठा चमचा फिरवत ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "किती फुटावर लागलं रं?"

मुलगा थांबला. ते त्याला माहीत नव्हतं. "उद्या आबाला इचारून सांगतो," म्हणाला, आणि गोष्ट तिथेच ठेवून वर्गाकडे पळाला.